ठोकळ्यांचा राजासॉरस: सांधे हलणारा, दोन पायांवर उभा राहणारा

रात्री झोपताना कपाटावर ऐटीत उभा केलेला लेगोच्या ठोकळ्यांचा डायनोसॉर सकाळी तोंडावर आलेला होता. एकही तुकडा तुटला नव्हता. गुडघे दुमडले होते, मान खाली गेली होती आणि जबडा कपाटाच्या फळीला टेकला होता. आमची इमारत रेल्वेच्या रुळांपासून फार लांब नाही. फास्ट गाडी गेली की कपाटाच्या काचा किणकिणतात. रात्रभर प्रत्येक गाडीसरशी सांधे केसभर घसरत राहिले असणार. भाचा डोळे चोळत बाहेर आला, बघितलं आणि म्हणाला, "मावशी, हा बसलाय."

त्या मॉडेलमध्ये आम्ही उलट्या क्रमाने काम केलं होतं. आधी डोकं केलं, दात लावले, पाठीवर खवले बसवले आणि हे सगळं पेलायला पाय सगळ्यात शेवटी जोडले. त्यानंतर तीन वेळा मोडून पुन्हा बांधल्यावर जो क्रम हाती आला, तो इथे सांगते. सांधे हलणारं मॉडेल म्हणजे आधी वजन आणि सांधे, दिसणं नंतर. डोकं कितीही सुरेख जमलं, तरी खुब्यापासून त्याचं अंतर किती आणि ते भरतं किती ग्रॅम, हे माहीत नसेल तर तो प्राणी उभा राहणार नाही.

प्राणी कोणता घ्यायचा

मुलं टी. रेक्स मागतात. मी राजासॉरस सुचवेन. एक कारण जिव्हाळ्याचं आहे, हा आपल्याकडचा आहे. गुजरातमध्ये बालासिनोरजवळ रहिओली गावात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या सुरेश श्रीवास्तव यांनी १९८२ ते १९८४ या काळात हाडं गोळा केली. २००३ मध्ये जेफ्री विल्सन, पॉल सेरेनो, अशोक साहनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्राण्याला नाव दिलं, राजासॉरस नर्मदेन्सिस. कवटीचा काही भाग, मणके, कमरेची हाडं, मागचे पाय आणि शेपटीचा भाग सापडला. कपाळावर एक बुटकं, गोलसर शिंग होतं.

दुसरं कारण बांधणीचं. याची मान आखूड आणि डोकं बेताचं. याच्या कुळातल्या कार्नोटॉरससारख्या प्राण्यांचे हात तर इतके चिमुकले की मॉडेलमध्ये ते एक-दोन तुकड्यांत भागतात. पुढचं वजन कमी म्हणजे पहिल्याच प्रयत्नात तोल साधण्याची शक्यता जास्त. लांब मानेचा सॉरोपॉड चार पायांवर उभा राहतो खरा, पण त्याची मान पेलणं हे वेगळंच दुखणं आहे.

मुंबईत बसून हा प्राणी बांधताना मला आणखी एक गोष्ट आवडते. अंधेरीची गिल्बर्ट हिल ज्या डेक्कन ट्रॅपच्या, म्हणजे दख्खनच्या पठाराच्या लाव्हाची आहे, ते ज्वालामुखी राजासॉरसच्या काळाच्या आगेमागेच धगधगत होते. आपल्या वरळीच्या टेकडीत लाव्हाच्या दोन थरांमधल्या गाळात बेडकांचे जीवाश्म सापडले आणि रिचर्ड ओवेन यांनी १८४७ मध्ये त्यांचं वर्णन केलं. भाच्याला हे सांगितल्यापासून बस वरळीला पोचली की तो खिडकीतून टेकडी शोधतो.

माप: १५ पट लहान

राजासॉरसची लांबी सुमारे ६.६ मीटर धरतात. १५ ने भागलं की ४४ सेंटिमीटर येतात. लेगोच्या ठोकळ्यावरचे गोल उंचवटे, म्हणजे स्टड, एकमेकांपासून बरोबर ८ मिलिमीटरवर असतात. म्हणजे ४४ सेंटिमीटर म्हणजे ५५ स्टड. हा आकडा लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्यातूनच निघतं. शेपटी २९ स्टड, धड आणि कंबर मिळून १५, मान ६, डोकं ५.

डोकं फक्त ५ स्टड? हो. मुलांना ते फार लहान वाटतं आणि सगळे ते वाढवायला जातात. आम्हीही ८ स्टडचं केलं होतं, तोच तो तोंडावर आलेला.

आता आलेख कागदाचे दोन ताव चिकटवून त्यावर प्राणी बाजूने, प्रत्यक्ष मॉडेलच्या मापाचा काढा. पाठीचा कणा जमिनीला समांतर ठेवा. शेपटी जमिनीवर ओढत, कांगारूसारखा ताठ उभा डायनोसॉर जुन्या चित्रांत दिसतो. न्यूयॉर्कच्या संग्रहालयातला टी. रेक्सचा सांगाडाही १९१५ पासून तसाच उभा होता आणि १९९० च्या दशकात तो आडव्या कण्याचा करण्यात आला. पुढे धड, मागे शेपटी आणि मध्ये खुबा, असा हा झोपाळ्यासारखा तोललेला प्राणी होता. मॉडेलला तीच ढब सोयीची पडते.

पायाची एक चूक जवळजवळ सगळे करतात. चित्रात जो 'उलटा गुडघा' दिसतो, तो गुडघा नसून घोटा आहे. खरा गुडघा वर, पोटाच्या जवळ असतो आणि आपल्यासारखाच पुढे वळतो. हा प्राणी चवड्यांवर, तीन बोटांवर चालायचा, टाच हवेत. म्हणून पायाचे तीन भाग काढा: मांडी ६ स्टड, खुब्यापासून पुढे झुकलेली; नडगी ६ स्टड, गुडघ्यापासून मागे जाणारी; आणि घोट्यापासून बोटांपर्यंतचा भाग ४ स्टड, जवळजवळ उभा. हे तिन्ही भाग असे वाकलेले असताना खुबा जमिनीपासून साडेअकरा सेंटिमीटरच्या आसपास येतो.

ठोकळ्यांना हात लावण्याआधी लग्नपत्रिकेच्या जाड पुठ्ठ्यातून हे आकार कापा. घरात पत्रिकांचा गठ्ठा असतोच. मांडी, नडगी, पाऊल, धड, शेपटी, मान असे वेगवेगळे कापून सांध्यांवर टाचण्या टोचा आणि प्राणी जुन्या पुठ्ठ्याच्या फळीवर पसरून वाकवून बघा. पाय मागे नेला तर मांडी पोटावर घासते का? मान खाली गेली तर छातीला अडते का? हे अर्ध्या तासात कळतं. ठोकळ्यांत तेच कळायला दोन रविवार जातात.

तुकडे

आमच्या मॉडेलला साधारण साडेपाचशे तुकडे लागले. त्यातले बहुतेक साधे ठोकळे आणि प्लेट्स, म्हणजे पातळ ठोकळे. खास लागतात ते सांध्यांचे तुकडे, ते असे. दातेरी बिजागरी, जी वळवली की टिक टिक वाजते आणि २२.५ अंशांच्या टप्प्याने थांबते, ८ नग. लेगोच्या 'टेक्निक' मालिकेतले भोकांचे ठोकळे, निदान १६. घर्षणवाल्या पिना, ज्या बहुधा काळ्या रंगाच्या असतात, १२. करड्या रंगाच्या पिना सैल असतात, त्या चाकांसाठी. त्या गुडघ्यात घातल्या तर प्राणी लगेच बसतो. आणि लहान गोळा-वाटीचे सांधे, ६ जोड्या. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकातला 'उखळीचा सांधा' आणि 'बिजागरीचा सांधा' आठवतो ना, ते दोन्ही इथे आहेत.

सुटे तुकडे कुठून आणायचे? ओळखीपाळखीच्या घरांतून आधी गोळा करा. मुलं मोठी झाली की पोटमाळ्यावर अशी पिशवी हमखास पडलेली असते. लेगोच्या ठोकळ्याचं पेटंट २८ जानेवारी १९५८ चं आहे आणि तेव्हाचा ठोकळा आजच्या ठोकळ्यातही बसतो, त्यामुळे जुनं म्हणून टाकू नका. क्रॉफर्ड मार्केट, म्हणजे महात्मा जोतिबा फुले मंडईच्या आसपासच्या गल्ल्यांत खेळण्यांची घाऊक दुकानं आहेत, तिथे इतर बनावटीचे ठोकळे स्वस्तात मिळतात. धड आणि शेपटी भरायला ते चालतात. सांधे मात्र त्यातून घेऊ नका. मी एकदा वजनावर एक पिशवी आणली. त्यातल्या निम्म्या पिना भोकात सैल आणि उरलेल्या इतक्या घट्ट की काढताना पक्कड लागली. दुकानात तपासायचं असेल तर सोपी रीत आहे. एका ठोकळ्याखाली सहा ठोकळ्यांची माळ लावा, वरचा ठोकळा धरून ती लोंबती ठेवा आणि हलकेच झटका द्या. माळ तुटली तर पुढच्या दुकानात.

जुने ठोकळे कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाने धुवा. पाणी ४० अंशांपेक्षा गरम नको. वाळवायला पंख्याखाली पसरा. बाल्कनीत उन्हात ठेवलेले पांढरे ठोकळे कालांतराने पिवळे पडतात. पावसाळ्यात एक रात्र पुरत नाही, भोकांच्या आतलं पाणी दोन दिवस राहतं आणि ओल्या पिनेची पकड कमी होते.

सांधा किती पेलतो, ते मोजा

हा भाग कृपा करून गाळू नका. स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा आणि दहा रुपयांची नाणी घ्या. दहाचं नाणं साधारण ७.७ ग्रॅमचं असतं. गोळा-वाटीच्या एका सांध्याला १० सेंटिमीटर लांबीचा आडवा दांडा जोडा, दुसरी बाजू टेबलावर घट्ट धरा. दांड्याच्या टोकाला छोटी प्लास्टिकची पिशवी अडकवा आणि त्यात एकेक नाणं टाका. सांधा घसरायला लागेल तेव्हा थांबा. समजा चौथ्या नाण्याला घसरला, तर तीन नाणी, म्हणजे २३ ग्रॅम, गुणिले १० सेंटिमीटर, असा २३० चा भार तो पेलतो. या आकड्याला मी घरात 'ओढ' म्हणते. दांड्याचं स्वतःचं वजनही ओढीत भर घालतं, म्हणून दांडा हलका घ्या.

हीच चाचणी घर्षणाच्या पिनेवर करा आणि एकाच आसावर दोन पिना लावूनही करा. दोन पिना लावल्या की ओढ जवळजवळ दुप्पट पेलते. सगळे आकडे एका कागदावर लिहून ठेवा.

आता नियम एवढाच: सांध्यापलीकडच्या भागाचं वजन गुणिले सांध्यापासून त्या भागाच्या तोलबिंदूचं अंतर, हे उत्तर त्या सांध्याच्या आकड्याच्या निम्म्याहून जास्त नको. निम्मंच का, तर लोकल जाते म्हणून. स्थिर टेबलावर जो सांधा काठोकाठ पेलतो, तो हादऱ्यांत पेलत नाही.

कंबर

इथून बांधायला सुरुवात करा. कंबर म्हणजे ४ स्टड रुंद, ६ स्टड लांब पेटी. दोन्ही बाजूंना टेक्निकचे भोकांचे ठोकळे येतील, कारण पाय यांतच अडकणार आहेत.

पेटी दाबली तर वाकते, ओढली तर थर सुटतात. ते थांबवायला एक जुनी युक्ती आहे. ठोकळ्याची उंची ९.६ मिलिमीटर, प्लेटची ३.२. एक भोकांचा ठोकळा, त्यावर दोन प्लेट्स, त्यावर पुन्हा भोकांचा ठोकळा, असं रचलं तर दोन भोकांमधलं उभं अंतर ९.६ अधिक ६.४, म्हणजे बरोबर १६ मिलिमीटर, दोन स्टड होतं. मग बाहेरून एक भोकांची पट्टी उभी लावून दोन्ही ठोकळ्यांत पिना घालता येतात आणि थर कुलूप लावल्यासारखे बंद होतात. तिन्ही थर सलग ठोकळ्यांचे ठेवले, तर भोकं जुळतच नाहीत. भाचा दोन संध्याकाळी पट्टी बसत नाही म्हणून चिडला होता. शेवटी हिशोब त्यानेच पाटीवर मांडला आणि उत्तर दिसल्यावर मला स्वयंपाकघरातून ओढत आणलं.

पेटीच्या मधोमध एक आरपार भोक मोकळं सोडा. तो खुबा. खऱ्या डायनोसॉरच्या कमरेच्या हाडांतही मांडीच्या सांध्याच्या जागी आरपार भोक असतं, आपल्यासारखी बंद वाटी नसते. त्यांचे पाय सुसरीसारखे बाजूला फाकलेले नसून अंगाखाली सरळ असायचे आणि मुख्यतः पुढे-मागे हलायचे. म्हणून मॉडेलच्या खुब्यालाही मी फक्त पुढे-मागे हालचाल दिली. बाजूची हालचाल दिली की पाय फाकतात आणि प्राणी खाली बसतो.

पाय

माझा सगळ्यात जास्त वेळ इथे गेला आणि तुमचाही जाईल.

खुबा, गुडघा आणि घोटा, तिन्हीकडे एकच प्रकारचा सांधा लावू नका. गुडघा आणि घोटा वाकलेले असतात, वरचं सगळं वजन त्यांना सतत दुमडायला बघतं. तिथे दातेरी बिजागरी, आणि एक नाही तर शेजारी शेजारी दोन, म्हणजे दोन्ही पाय मिळून ८. दात एकमेकांत अडकतात, त्यामुळे हादऱ्याने हळूहळू घसरत नाहीत. पण त्या २२.५ अंशांनीच सरकतात, म्हणजे बारीक जुळवाजुळव होत नाही. ती खुब्यात करायची. खुब्यावर धड आणि शेपटी एकमेकांना तोलतात, त्यामुळे तिथे ओढ थोडीच उरते. घर्षणाच्या पिना पुरतात, प्रत्येक बाजूला दोन: एक मांडीच्या आतून, एक बाहेरून, एकाच आसावर. मांडी म्हणजे दोन भोकांचे ठोकळे समांतर, मध्ये कमरेचा ठोकळा, जसा दाराच्या बिजागरीत एक कान दोन कानांच्या मध्ये बसतो.

मांडीचा पुढचा कलही टिकांनी मोजायचा, तर उभ्या रेषेपासून दोन टिक म्हणजे ४५ अंश. ते जरा जास्त होतं. म्हणून गुडघा दोन टिक आणि घोटा दोन टिक ठेवून, मांडीचा कल खुब्याच्या पिनेवर डोळ्याने जुळवा.

पाऊल: तीन बोटं, मधलं ५ स्टड, बाजूची ४, बाहेरच्या बाजूला किंचित वळलेली. बोटांच्या खाली गुळगुळीत टाइल लावायचा मोह होतो, पण काचेवर ती घसरते. साध्या प्लेटची खालची पोकळ बाजूच राहू द्या. चौथं बोट मागे, वर, जमिनीला न टेकणारं.

दोन्ही पाय जोडून झाले की कमरेच्या पेटीवर वजनकाट्याने मोजलेली ३०० ग्रॅमची साखरेची पुडी ठेवा आणि एक तास सोडून द्या. पाय तसेच राहिले तर पुढे जा. ही पुडी म्हणजे अजून न बांधलेला सगळा प्राणी.

शेपटी

शेपटी टोकापर्यंत वळवळणारी असावी असं सगळ्यांना वाटतं. मुळाशी ती वळवळू देऊ नका. खुब्यापासून पहिले १२ स्टड एकसंध, जाड आणि न हलणारे ठेवा. त्यापुढे उभ्या आसावर फिरणाऱ्या दोन काळ्या पिना आणि ७ स्टडांचा भाग. शेवटचे १० स्टड गोळा-वाटीच्या सांध्यांचे. सांधा जितका बाहेर, तितका त्याच्यापलीकडचा भाग हलका, म्हणून लहान सांधे टोकाला शोभतात. मधला सांधा आडवा वळतो, वर-खाली नाही, त्यामुळे शेपटीचं वजन त्याच्या घर्षणावर येत नाही, पिनेच्या दांड्यावर येतं. शेपटी डावी-उजवी वळते आणि लोंबत नाही.

यात खऱ्या प्राण्याशी प्रतारणाही होत नाही. शेपटीच्या मुळापासून मांडीपर्यंत जाणारा एक प्रचंड स्नायू या प्राण्यांना पळायला बळ द्यायचा. २०११ मध्ये स्कॉट पर्सन्स आणि फिलिप करी यांनी कार्नोटॉरसच्या शेपटीचा अभ्यास करून दाखवलं की त्या स्नायूला जागा देणाऱ्या हाडांच्या रचनेमुळे शेपटीचा पुढचा भाग ताठ झाला होता. सरळ धावायला तो जोरदार, झटकन वळायला अवघड. मॉडेल हातात घेऊन भाचा हे दाखवतो तेव्हा ताठ मूळ आणि लवचीक टोक, दोन्ही त्याच्या बोटांना कळतात.

मुळाच्या आत एक स्टड रुंद आणि तीन ठोकळे उंच अशी उभी फट ठेवा. तीन ठोकळ्यांची उंची २८.८ मिलिमीटर, दहाच्या नाण्याचा व्यास २७. नाणी तिथे उभी राहतात. त्यांची गरज आता लागेल.

मान, डोकं आणि तोल

मानेला दोन गोळा-वाटीचे सांधे पुरतात, एक छातीशी, एक डोक्याशी. डोकं आतून पोकळ ठेवा. जबड्याला प्लेटची साधी बिजागरी. शिंग म्हणजे कपाळावर एक छोटा गोल घुमट, टोकदार नको. हात एकेक तुकड्याचे, छातीला चिकटून. डोक्यावर यापेक्षा जास्त तुकडे चढवण्याआधी ते काट्यावर ठेवून बघा.

आता पाय सुटे करा. खुब्याच्या भोकातून एक लांब आस आरपार घाला आणि तो दोन स्टीलच्या पेल्यांच्या काठांवर टेकवा. धड, मान, शेपटी मध्ये लोंबतील. नाक अगदी थोडं खाली गेलं तर उत्तम. मांडी पुढे झुकलेली असल्यामुळे पाऊल खुब्याच्या किंचित पुढे येतं, आणि तोलबिंदू पावलावर हवा, खुब्यावर नाही. धड पेन्सिलीवर आडवं ठेवून, पुढे-मागे सरकवून तोलबिंदू शोधा आणि त्या जागी बाहेरून एक लाल तुकडा लावा. प्राणी उभा केल्यावर त्या लाल तुकड्यापासून दोऱ्याला नट बांधून ओळंबा सोडायचा. नट पावलाच्या मधल्या बोटाच्या मध्यावर आला पाहिजे.

नाक जोरात आपटलं तर हिशोब करा. आमच्या मॉडेलमध्ये खुब्यापुढचा भाग १२० ग्रॅम, तोलबिंदू ७ सेंटिमीटरवर: ८४०. मागचा भाग ९० ग्रॅम, ९ सेंटिमीटरवर: ८१०. छान जमलं होतं. मग डोक्यावर डोळे, दात, शिंग चढले आणि पुढची ओढ ९३० झाली. मागे १२० कमी पडले. शेपटीत खुब्यापासून १६ सेंटिमीटरवर एक नाणं किंवा ८ सेंटिमीटरवर दोन नाणी, दोन्हीचं उत्तर १२३. टोकाकडचं एक नाणं स्वस्त वाटतं, पण ते पुढच्या लवचीक भागात येतं आणि तिथला सांधा हादरवतं. ताठ मुळातल्या फटीत दोन नाणी घाला.

नाणी घातली, पाय जोडले, हात सोडला, आणि तो उभा राहिला. भाचा बराच वेळ काहीच बोलला नाही. मग शेपटीला बोटाने हलकेच टिचकी मारली. डोकं वर-खाली डुललं आणि थांबलं.

कातडी

कातडी आता चढवा, आणि एक नियम पाळा: प्रत्येक सांध्याभोवती एका प्लेटची, म्हणजे ३.२ मिलिमीटरची मोकळी जागा. चार तुकडे लावले की लगेच सांधा दोन्ही टोकांपर्यंत फिरवून बघा. वीस तुकडे लावून मग बघितलं, तर अडणारा तुकडा शोधायला वीसही काढावे लागतात.

बाजूंना स्टड बाहेर काढणारे तुकडे वापरून प्लेट्स आडव्या लावल्या की पोटाला गोलाई येते. तिथे ५ प्लेट्सची जाडी म्हणजे २ स्टड, १६ मिलिमीटर. हे गणित जुळलं की आडव्या-उभ्या भागांत फट राहत नाही. रंग घरात जो जास्त असेल तो घ्या. राजासॉरसच्या कातडीचा रंग सांगणारा पुरावा सापडलेला नाही, तेव्हा मातकट, हिरवा, जांभळा, सगळं चालेल. आमचा पोटाशी पिवळसर आणि पाठीवर विटकरी आहे, कारण मोडलेल्या किल्ल्याचे विटकरी ठोकळे भरपूर होते. मांडीवर मात्र थोडा हात मोकळा सोडा. मांडी भरदार असेल तरच हा प्राणी ताकदवान दिसतो, आणि तिथलं वजन खुब्याजवळ असल्यामुळे तोल बिघडत नाही.

मिक्सरची चाचणी

तयार प्राणी स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवा आणि शेजारी मिक्सर चालू करा. चटणी वाटून होईपर्यंत तो आहे त्या पवित्र्यात राहिला, तर कपाटावर गाड्यांचे हादरे सोसेल. आधी आणि नंतर मोबाइलवर एकाच जागेवरून फोटो काढा. कुठला सांधा घसरला ते दोन फोटो पुढे-मागे केले की लगेच दिसतं. आमच्याकडे पहिल्यांदा मानेचा खालचा सांधा घसरला. तिथे एकाऐवजी शेजारी शेजारी दोन उखळी लावल्यावर मान बाजूला वळेनाशी झाली, पण खाली पडायची थांबली. मला तो सौदा मान्य होता, भाच्याला नव्हता. शेवटी छातीशी दोन आणि डोक्याशी एक असं ठरलं: मान ताठ, डोकं मोकळं.

पवित्रा बदलताना क्रम ठेवा. आधी पाय, मग शेपटी, मग मान. एक पाय उचललेला, धावता पवित्रा हवा असेल तर टेकलेल्या पावलावर ओळंबा आणावा लागतो. बाजूची हालचाल नसल्यामुळे आमचा राजासॉरस एका पायावर उभा राहत नाही. उचललेल्या पायाची बोटं जमिनीला टेकवूनच तो धावतो.

शाळेच्या प्रदर्शनाला न्यायचा असेल, तर शेपटी मधल्या सांध्यापाशी काढा आणि मान छातीपाशी. तीन भाग मिठाईच्या किलोच्या खोक्यात जुन्या टी-शर्टमध्ये गुंडाळून बसतात. पाय वेगळे करू नका, त्यांची जुळवणी पुन्हा करायला वेळ लागतो. सोबत चार जादा काळ्या पिना, दोन नाणी आणि ओळंब्याचा दोरा डबीत घाला. गर्दीच्या गाडीत खोका डोक्यावरच्या रॅकवर टाकण्यापेक्षा मांडीवर ठेवा.